झिजलेलं खुरपं आणि दगडी हत्यारांचा हिशेब



आज पिकाचं, फवारणीचं काही नाही. पाऊस चार दिवस धरून बसलाय, वावरात पाय ठेवता येत नाही. म्हणून जरा जुन्या गोष्टीवर लिहितो. जुनी म्हणजे किती, तर तीन-चार लाख वर्षांपूर्वीची.

सुरुवात मात्र घरातूनच करू. आमच्या पडवीत खुंटीला तीन खुरपी टांगलेली आहेत. एक गेल्या वर्षी लोहाराकडून आणलेलं, रुंद पात्याचं. दुसरं सहा-सात वर्षांचं, त्याचं पातं निम्म्यावर आलंय. तिसरं आईचं. ते दोनदा शेवटून आणलं, मग कानशीनं घासून घासून आता पातं जेमतेम दोन बोटं उरलंय. आई ते भाजीच्या वाफ्यात, रोपाच्या बुडाशी वापरते आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.

आता समजा, शेतीची काहीच माहिती नसलेला एखादा माणूस ही तीन खुरपी बघून गेला. तो काय लिहील? या घरात तीन प्रकारची खुरपी वापरतात. मोठं तणासाठी, मधलं माती हलवण्यासाठी, बारकं नाजूक कामासाठी. ऐकायला पटेल. पण आपल्याला माहीत आहे की तिन्ही खुरपी मुळात सारखीच होती. फरक आहे तो वयाचा. आणि बारकं झाल्यावर त्याला नाजूक काम मिळालं, हेही खरं.

अश्मयुगातली दगडी हत्यारं अभ्यासणाऱ्या मोठमोठ्या विद्वानांची नेमकी अशीच गफलत होत होती. ती ज्यांनी दाखवून दिली त्यांच्यातला एक जण आयुष्याची पहिली सदतीस वर्षं गुराढोरांत काढलेला माणूस होता. त्याच्यापासून सुरुवात करू.

गुरं राखणारा पुरातत्त्वज्ञ

अमेरिकेत वायोमिंग नावाचं राज्य आहे. थंडी कडाक्याची, माणसं कमी, गुरं जास्त. तिथं जॉर्ज फ्रिसन यांचा जन्म १९२४ साली झाला. आजोबांचा गुरांचा मोठा मळा होता, तिकडं त्याला रँच म्हणतात. फ्रिसन त्यातच वाढले. मधे दुसऱ्या महायुद्धात नौदलात गेले, परत येऊन पुन्हा रँच सांभाळली. रानात फिरताना दगडी बाणाची टोकं सापडायची, ती गोळा करायचा लहानपणापासून नाद. १९६२ मध्ये, वयाच्या ३७ व्या वर्षी, त्यांनी विद्यापीठात नाव घातलं. १९६७ मध्ये डॉक्टरेट झाली. पुढं ते वायोमिंगचे पहिले राज्य पुरातत्त्वज्ञ झाले. २०२० मध्ये त्यांचं निधन झालं.

१९६८ साली त्यांनी एक शोधनिबंध लिहिला. विषय साधा होता. तिथल्या जुन्या शिकारी लोकांनी बायसनचे कळप मारले, जागेवरच सोलले, कापले. बायसन म्हणजे आपल्या गव्याचा दूरचा भाऊबंद. एका जनावराचं वजन कित्येक क्विंटल. असं जनावर सोलताना दगडी हत्याराची धार फार वेळ टिकत नाही. मग माणूस काय करणार? तिथल्या तिथं बसून धार काढणार आणि परत कामाला लागणार.

दगडाला धार काढायची म्हणजे कानस नाही, सहाण नाही. हरणाच्या शिंगाचं टोक किंवा छोटा गोटा घेऊन कडेवर दाबायचं किंवा हलका ठोका द्यायचा. कडेची एक बारीक चिपळी उडते, तिच्याखाली ताजी धार उघडी पडते. चिपळी नखाएवढी, कधी त्याहूनही लहान. हत्यार तेवढ्यानं लहान होतं.

फ्रिसन यांनी या बारीक चिपळ्या वेचल्या आणि त्या मूळ हत्यारांशी जुळवून पाहिल्या. काही चिपळ्यांवर जुनी, वापरून बोथट झालेली कड तशीच दिसत होती. त्यावरून त्यांनी मांडलं की हत्याराचा आकार वापरताना बदलत जातो. खोदकामात आपल्याला जो आकार सापडतो तो हत्यार टाकून दिलं त्या दिवसाचा आहे. ते घडवलं त्या दिवशी कसं होतं, हे त्यावरून सरळ सांगता येत नाही.

आणखी एक गोष्ट. चांगलं हत्यार शिकारी बरोबर घेऊन जातो. जागेवर राहतात त्या नुसत्या चिपळ्या. म्हणजे कधी कधी सगळ्यात महत्त्वाचं हत्यार सापडतच नाही, पण त्याला धार काढल्याचा पुरावा मात्र त्या जागी पडलेला असतो.

पुढं १९७६ मध्ये आर्थर जेलिनेक या अभ्यासकानं या प्रकाराला 'फ्रिसन परिणाम' असं नाव दिलं. आज जगभर ते नाव चालतं. मला यात नवल वाटत नाही. ज्यानं स्वतः जनावर सोललंय, सुरीला दिवसातून चार वेळा धार लावली आहे, त्याला ही गोष्ट आधी सुचणारच.

त्रेसष्ट प्रकार आणि एक भांडण

तिकडं युरोपात दुसरीच गंमत चालली होती. फ्रान्समध्ये फ्रांस्वा बोर्द हे फार मोठे अभ्यासक होते. निअँडरथल माणसांच्या काळातल्या हत्यारांची त्यांनी यादी केली, ६३ प्रकारांची. त्यात तासण्यांचे प्रकार भरपूर. तासणी म्हणजे कातडं, लाकूड तासायचं हत्यार. एका कडेची तासणी, दोन कडांची, दोन्ही कडा टोकाला मिळालेली, आडव्या कडेची, असं बरंच काही.

वेगवेगळ्या जागी हे प्रकार वेगवेगळ्या प्रमाणात सापडत. बोर्द म्हणाले, ही वेगवेगळ्या टोळ्यांची खूण आहे. प्रत्येकाची आपली परंपरा. अमेरिकेतले लुईस बिनफर्ड म्हणाले, तसं नाही. माणसं तीच असतील, कामं वेगळी म्हणून हत्यारं वेगळी. हा वाद वर्षानुवर्षं चालला.

१९८० च्या दशकात हॅरल्ड डिबल या अभ्यासकानं तिसरंच उत्तर दिलं. एक छिलका घ्या. छिलका म्हणजे मोठ्या दगडावर ठोका देऊन काढलेला धारदार तुकडा. त्याची एक कड वापरली, बोथट झाली, धार काढली. झाली एका कडेची तासणी. ती कड संपत आली म्हणून दुसरी कड घेतली. झाली दोन कडांची. दोन्ही कडा घासत घासत आत सरकल्या आणि टोकाला एकमेकींना भिडल्या. झाला तिसरा प्रकार. यादीत तीन नावं, मुळात हत्यार एक.

म्हणजे पुन्हा आमच्या खुंटीवरची खुरपीच!

एक सांगून ठेवतो. डिबल यांचं म्हणणं सगळ्याच तासण्यांना लागू होत नाही. मूळ छिलका जाड होता की पातळ, लांब होता की रुंद, यावरही पुढचा आकार ठरतो, हे नंतरच्या अभ्यासकांनी दाखवलं. पण त्यानंतर कुणीही हत्याराचं वय न विचारता त्याचा प्रकार ठरवत नाही, एवढा फरक नक्की पडला. चांगला दगड जिथं जवळ मिळतो तिथं हत्यारं लवकर टाकलेली दिसतात. दगडाची खाण लांब असेल तिथं तीच हत्यारं पार बुटकी होईपर्यंत वापरलेली सापडतात. हे आपल्यालाही कळतं. लोहार गावात असला तर फाळ लवकर बदलतो, तालुक्याला जावं लागलं तर आणखी एक हंगाम ओढतो.

धार लावणं वेगळं, नव्यानं घडवणं वेगळं

इथपर्यंत झालं ते धार लावणं. खुरपं खुरपंच राहिलं. पण ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा कोयता केला, तर ते वेगळं. तिथं जुनी वस्तू हा नव्या वस्तूचा कच्चा माल झाला. अश्मयुगातल्या माणसानं हे केलं का? केलं, आणि भरपूर केलं.

याचा सगळ्यात चांगला अभ्यास झाला तो इस्रायलमधल्या केसेम गुहेत. तेल अवीवच्या पूर्वेला सुमारे १२ किलोमीटरवर. सन २००० मध्ये रस्त्याच्या कामात ही गुहा उघडी पडली. तेल अवीव विद्यापीठाचे अवी गोफर आणि रान बरकाई यांनी तिथं खोदकाम केलं. साधारण ४ लाख २० हजार ते २ लाख वर्षांपूर्वीपर्यंत तिथं माणसं राहून गेली. विस्तवाच्या जागा सापडल्या, हरणांची हाडं सापडली. माणसाचे मात्र फक्त दात मिळाले, त्यामुळं ती नेमकी कोणत्या जातीची माणसं, यावर अजून एकमत नाही.

हत्यारं चकमकीच्या दगडाची, म्हणजे फ्लिंटची. त्यात एक प्रकार असा होता की टाकून दिलेला जुना छिलका उचलायचा, त्यालाच गाभा धरायचं आणि त्यावर ठोका देऊन त्यातून आणखी बारीक छिलके काढायचे. आपल्या बोटाच्या पेराएवढे, पण कड कडक धारदार.

हे कसं ओळखलं? खुणा दोन आहेत.

पहिली खूण छिलक्याच्या पोटाची. दगडावर ठोका देऊन छिलका काढला की आतल्या बाजूला, ठोक्याच्या जवळ, एक फुगवटा येतो. बाकीची आतली बाजू गुळगुळीत. तिला पोट म्हणू. बाहेरची बाजू खडबडीत, जुन्या ठोक्यांच्या खुणा असलेली. तिला पाठ म्हणू. प्रत्येक छिलक्याला एक पाठ, एक पोट. पण जुन्या छिलक्याच्या पोटावर ठोका देऊन नवा छिलका काढला, तर त्याला दोन्हीकडून पोटच येतं. पाठ नाहीच. असा दोन पोटांचा छिलका हातात आला की समजायचं, हा दगडातून सरळ निघालेला नाही, दुसऱ्या छिलक्यातून निघालाय.

दुसरी खूण रंगाची. फ्लिंट फोडला की आतला रंग ताजा असतो. तो उघड्यावर किंवा मातीत बराच काळ पडून राहिला की पृष्ठभागावर वेगळ्या रंगाची साय धरते. आता कुणी तो जुना तुकडा उचलून त्याची कड पुन्हा फोडली, तर तेवढ्याच जागी ताजा रंग उघडा पडतो आणि त्यावर पुन्हा नव्यानं साय धरायला लागते. एकाच हत्यारावर दोन रंग दिसले की मधे मोठा काळ गेला हे नक्की. म्हणजे एकानं टाकलेलं हत्यार कित्येक पिढ्यांनी दुसऱ्यानं उचललं आणि कामाला लावलं.

त्या बारीक छिलक्यांचा उपयोग काय होता? फ्लाविया वेन्दित्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या कडा तपासल्या, चिकटून राहिलेले अवशेष तपासले. मांस कापणं, कातडं सोडवणं, हाडावरचं खरवडणं असली बारीक कामं निघाली. दोन-तीन बोटांत धरून करायची. हातभर कोयता असला म्हणून कुणी त्यानं कांदा चिरत नाही, तसं.

हत्याराच्या कडेवरच्या खुणांवरून त्याचं काम ओळखायची ही पद्धत रशियातल्या सेर्गेई सेम्योनोव यांनी पायाला लावली. त्यांचं पुस्तक १९५७ चं. तेव्हापासून दगड नुसता बघायचा नाही, तो कशावर घासला गेला ते वाचायचं, अशी रीत पडली.

आता माझ्या मते यातली मुख्य गोष्ट. केसेम गुहेच्या आसपास फ्लिंटला तोटा नव्हता. हात लांबवला की दगड. तरी माणसं जुने तुकडे उचलत होती. आपण सहज म्हणतो, गरिबी म्हणून जुनं वापरलं, साधनं नव्हती म्हणून काटकसर केली. इथं तो हिशेब लागत नाही. बारीक छिलका हवा असेल तर छोटा जुना छिलका हाताशी असणं जास्त सोयीचं, म्हणून तो वापरला. ती कमीपणाची गोष्ट नव्हती, कामाची जाण होती.

काही जुनी हत्यारं तर अशी आहेत की नव्या माणसानं फक्त एक कड नीट केली, बाकीचं जुनं रूप तसंच ठेवलं. तेल अवीवचे अभ्यासक म्हणतात, कदाचित जुन्या माणसांची वस्तू म्हणून जपली असेल. हे अनुमान आहे, सिद्ध करणं अवघड. पण आईचं ते दोन बोटांचं खुरपं रोज बघणाऱ्या मला ते अगदीच परकं वाटत नाही.

या विषयाचं वजन इतकं वाढलं की २०१३ मध्ये तेल अवीवला खास याच विषयावर जगभरच्या अभ्यासकांची परिषद भरली. युरोपातल्या आणि पश्चिम आशियातल्या कितीतरी जागांवरून असेच पुरावे पुढं आले.

शेती आली तेव्हा

शिकाऱ्यांचं झालं, आता आपल्या जमातीकडं येऊ.

पश्चिम आशियात साधारण १५,००० ते ११,५०० वर्षांपूर्वी नटूफियन नावाचे लोक होते. अजून पेरणी नाही, पण रानटी गहू-जवाची कापणी होत होती. त्यांचे विळे कसे? हाडाची किंवा लाकडाची मूठ, तिला खाच, आणि खाचेत दगडाची छोटी छोटी पाती ओळीनं बसवलेली. हाडाच्या अशा मुठी इस्रायलमधल्या कार्मेल डोंगराच्या परिसरातल्या गुहांत सापडल्या आहेत.

या रचनेतली अक्कल बघा. एक पातं मोडलं किंवा बोथट झालं तर सगळा विळा टाकायचा नाही. तेवढं पातं काढून नवं बसवायचं. कापणी यंत्राच्या पट्टीवरचं एक ब्लेड बदलतो तसंच.

आणि ही पाती आपला हिशेब स्वतः सांगतात. कृषीवाल्या मंडळींना माहीत आहे, गवतवर्गी पिकं मातीतल्या पाण्याबरोबर सिलिका ओढून घेतात आणि ताटात, पानात साठवतात. उसाच्या पाचटानं हात कापतो त्यात सिलिकाचा मोठा वाटा. अशी ताटं हजारोंनी कापली की दगडाच्या कडेला काचेसारखी चमक चढते. नुसत्या डोळ्यांना दिसते. त्या चमकेवरून कळतं की पातं कापणीत वापरलंय.

काही पात्यांच्या दोन्ही कडांना चमक असते. याचा अर्थ एक कड संपल्यावर पातं उपसून, उलटं करून पुन्हा बसवलं. काही पात्यांना नंतर दाते पाडलेले दिसतात. पात्यावर चमक आहे, पण दात्याच्या खाचेत चमक नाही. म्हणजे आधी कापणी झाली, धार गेली, मग दाते पाडले. बोटाएवढ्या दगडावर कामाचा क्रम लिहून ठेवलेला.

दुसरं उदाहरण ब्रिटनचं. तिथं सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी शेती पोचली आणि घासून गुळगुळीत केलेल्या दगडी कुऱ्हाडी आल्या. कुंब्रियातल्या लँगडेल डोंगरातल्या हिरवट दगडाच्या कुऱ्हाडी ब्रिटनभर लांबलांबपर्यंत पोचल्या. सहाणेवर पाणी आणि वाळू घेऊन तासन्‌तास घासल्याशिवाय अशी कुऱ्हाड होत नाही. पण पातं तुटलं की ती फेकून देत नसत. फ्लिंटच्या तुटक्या कुऱ्हाडींचे ठोकून छिलके काढत आणि त्यांच्या तासण्या, सुऱ्या करत. ओळखायला एकदम सोपं. छिलक्याच्या पाठीवर अजून कुऱ्हाडीची गुळगुळीत घासलेली बाजू शिल्लक असते. धान्य दळायचे पाटे मोडले की तेही चुलीच्या कडेला किंवा खांबाच्या खड्ड्यात पक्कड म्हणून बसवत. आपल्याकडं मोडका पाटा न्हाणीपुढं पाय धुवायला ठेवतात, त्याची आठवण होते.

आणि शेवटचा पुनर्वापर देवाचा. उत्तर भारतात १८६० च्या सुमारास घासलेल्या दगडी कुऱ्हाडी इंग्रज अधिकाऱ्यांच्या नजरेला पडू लागल्या, तेव्हा त्यातल्या बऱ्याच पिंपळाखाली, गावाबाहेरच्या ठाण्यावर देव म्हणून ठेवलेल्या होत्या. युरोपातल्या खेड्यांत अशा कुऱ्हाडी वीज पडू नये म्हणून घराच्या छपरात ठेवत. घडवणाऱ्यानं झाड तोडायला केली, चार हजार वर्षांनी दुसऱ्यानं तिला शेंदूर लावला.

आपल्या मातीत काय आहे

महाराष्ट्रात दगडी हत्यारं काही कमी नाहीत. प्रवरेच्या काठी नेवासे आणि त्याजवळचं चिरकी, जुन्नरकडची कुकडी नदी, नाशिकजवळ गोदावरी, अशा जागा अभ्यासकांना चांगल्या माहीत आहेत. नेवाशाला डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया यांनी १९५० च्या दशकात खोदकाम केलं. तिथं जुन्या काळातली मोठी हत्यारं काळ्या पाषाणाची, तर त्यानंतरच्या काळातली लहान हत्यारं गारेच्या जातीच्या दगडांची मिळाली.

यात एक अडचण आहे, ती आपल्या दगडाची. काळा पाषाण हवापाण्यानं कुजतो. विहिरीतून निघालेला गोटा फोडून बघा, आत काळाभोर, बाहेर तांबूस-करडी साल. हत्याराच्या कडेवरच्या बारीक खुणा त्या सालीत विरून जातात. गारगोटीच्या जातीचे दगड, म्हणजे अकीक, कॅल्सेडनी, हे मात्र टिकतात. त्यावर धार काढल्याच्या खुणा राहतात.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजनं तिथं १९६८ ते १९८३ खोदकाम केलं. इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं गाव. जव पिकवत, पाण्यासाठी पाट काढला होता. या लोकांना तांबं माहीत होतं. तरी घरोघर गारेच्या दगडाची बारीक पाती हजारोंनी सापडली आणि तांब्याच्या वस्तू मोजक्या.

तांबं दुर्मीळ होतं हे खरंच. पण आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. धातूचं हत्यार मोडलं की ते भट्टीत जातं, वितळतं, नवं होतं. जुन्याचा माग पुसला जातो. मोडीत गेलेला फाळ पुढं कशाचा भाग झाला, कोण सांगणार? दगड वितळत नाही. त्यातून फक्त वजा करता येतं, जोडता येत नाही. म्हणून प्रत्येक ठोक्याची नोंद त्याच्यावर राहते. हत्यारांच्या बाबतीत दगडाइतकी चोख वही दुसरी नाही.

मग आपल्याला काय त्याचं?

आता जरा मनातलं. काही वर्षांपूर्वी आम्ही ओढ्याकडची उंचवट्याची पट्टी जेसीबीनं सपाट केली. माती उकरताना पांढुरक्या-तांबड्या गारेच्या ठिकऱ्या बऱ्याच निघाल्या, एका ठरावीक जागी. त्यातल्या दोन-तीन लांबट, छान दिसणाऱ्या मुलांनी खेळायला उचलल्या. बाकीचा मुरूम ट्रॉलीत भरून रस्त्यावर टाकला. ती माणसानं घडवलेली हत्यारं होती की नुसत्या ठिकऱ्या, हे आता कळायचा मार्ग नाही. तेव्हा मला फ्रिसन माहीत नव्हते. सापडलंच तर अख्खं हत्यार सापडायला हवं, चिपळ्यांचं काय, अशीच समजूत होती. वर वाचलंत ना, खरी गोष्ट त्या चिपळ्यांतच असते. आणि चिपळी जागेवर असेल तरच बोलते. चार चिपळ्या एकत्र पडल्या असतील तर कुणीतरी तिथं बसून धार काढली. त्याच चिपळ्या ट्रॉलीत गेल्या की खडी.

म्हणून शेततळं, विहीर, सपाटीकरण करताना एवढं ध्यानात ठेवा.

• गारेच्या, अकिकाच्या ठिकऱ्या एकाच जागी दाटीनं दिसल्या तर तेवढी जागा थोडी राखून ठेवा.

• सगळ्या ठिकऱ्या हत्यारं नसतात. नांगर, रोटाव्हेटर, जेसीबीचा दात यांनीही दगड फुटतो. पण तो फूट ताजा असतो, रंग लगेच वेगळा दिसतो. कडेला एका ओळीत बारीक ठोके असतील आणि त्यांच्यावरही बाकी दगडासारखीच जुनी साय असेल, तर विचार करा.

• पोटाच्या बाजूला ठोक्याचा फुगवटा आहे का, बोट फिरवून बघा.

• उचललंच तर ब्रशनं घासू नका, तेल लावू नका. कडेला चिकटलेलं काहीतरी अभ्यासकाला हवं असतं.

• शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढा. गट नंबर आणि किती खोलीवर मिळालं ते लिहून ठेवा. मग राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला कळवा.

कुणी म्हणेल, आपल्यासारख्याचं कोण ऐकतंय. दायमाबादची ब्राँझची प्रसिद्ध शिल्पं, रथ, हत्ती, गेंडा, रेडा, ही १९७४ मध्ये झाडाचं खोड उकरताना गावातल्याच माणसाला सापडली. शास्त्रज्ञ नंतर आले.

माती परीक्षणाचा कागद हातात आला की आपण आजचे आकडे बघतो. चाळीस वर्षांत त्या वावरातून काय काय उपसलं गेलं, ते त्या कागदावर नसतं, ते शेतकऱ्याला विचारावं लागतं. दगडी हत्याराचंही तसंच. समोर दिसतं ते शेवटचं रूप. त्याआधीचं आयुष्य कडेकडेनं वाचावं लागतं.

पाऊस उघडला की आईचं खुरपं तिसऱ्यांदा शेवटायला नेणार होतो. लोहार म्हणतो, आता यात लोखंडच उरलं नाही, नवं घ्या. आई म्हणते, मग त्याचं आळं करायला टोकणं करून दे.

तुमच्याकडं असं किती हत्यारांचं रूप बदललंय? मूळ काय होतं आणि आता काय झालंय, खाली लिहा. फोटो असेल तर फारच छान. आणि वावरात कधी गारेच्या ठिकऱ्यांची जागा दिसली असेल, तर तेही सांगा.